गरीब पाण्याची टाकी

मत्स्यालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेची उंच पेटी, रंगीत खडे आणि बुडबुडे सोडणारा पंप येतो. येथे ज्या टाकीविषयी सांगायचे आहे ती ६० सेंटिमीटर लांब आणि ३५ सेंटिमीटर रुंद आहे. पाण्याची खोली मात्र अवघी १२ सेंटिमीटर. एका कडेला जांभ्या दगडाचा उतरता काठ, त्यावर मॉस, काठावरच्या लहान कुंडीत ड्रॉसेरा, पाण्यात तरंगणारी युट्रिक्युलॅरिया आणि तिच्यातून वाट काढणारे पाच झेब्रा मासे. एवढाच संसार. शाळेच्या प्रयोगशाळेत पूर्वेच्या खिडकीशी तो सहज मावतो.

अशी पहिली टाकी मी मांडली तेव्हा तळाशी वाफ्यातली सकस माती घातली आणि माशांना दिवसातून तीनदा खाऊ दिला. तिसऱ्या आठवड्यात पाणी हिरवे झाले. पाचव्या आठवड्यात मॉसवर तंतुमय शैवालाची गोधडी पसरली आणि युट्रिक्युलॅरियाचे कुजून तुकडे पडले. विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने केलेली ही चूक आहे. ती का झाली हे समजून घेतले, तर कीटकभक्षी वनस्पतींचे बरेचसे रहस्य उलगडते.

वर्गात विचारून पाहा : या वनस्पती कीटक का खातात? ‘भूक लागते म्हणून’ हे उत्तर हमखास येते. पण ऊर्जेसाठी लागणारे अन्न या वनस्पती इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशात स्वतःच तयार करतात. कीटकांकडून त्यांना हवे असतात ते नायट्रोजन आणि फॉस्फरस. सह्याद्रीच्या कातळपठारांवर मातीचा थर बोटभर असतो. मुसळधार पावसात विरघळणारे क्षार वाहून जातात आणि जांभ्यातले लोह फॉस्फरसला धरून ठेवते. अशा जागी बहुतेक झाडांची उपासमार होते. ज्या वनस्पतींनी नायट्रोजन मिळवण्याचा दुसरा मार्ग शोधला, त्या तेथे टिकल्या. कीटकभक्षण ही चैन नसून गरिबीवरचा उपाय आहे.

युट्रिक्युलॅरियाचा उपाय तर अचंबित करणारा आहे. या वनस्पतीला मुळेच नसतात. तिच्या धाग्यांसारख्या पानांवर मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पारदर्शक पिशव्या असतात. पिशवी आतले पाणी सतत बाहेर टाकते. त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि भिंती आत ओढल्या जातात. तोंडाशी एक झडप आणि तिच्यावर संवेदनशील केस असतात. एखादा पाणपिसू केसाला धडकला की झडप उघडते आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात घडते. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. त्यांची समजूत अशी होती, की प्राणी स्वतःच झडप ढकलून आत शिरतात. ओढून घेण्याची ही क्रिया इतकी जलद आहे की डार्विन यांच्यासारख्या निरीक्षकाच्या नजरेतूनही ती निसटली.

पाणी उपसून बाहेर टाकायला ऊर्जा खर्च होते. शिवाय पिशवीचा पृष्ठभाग प्रकाशसंश्लेषणाला पानाइतका उपयोगी नसतो. म्हणून पाण्यात पोषकद्रव्ये भरपूर असतील, तर युट्रिक्युलॅरियाच्या अनेक जाती पिशव्या कमी करतात. त्याच पाण्यात झपाट्याने वाढणारी शैवाले मात्र फोफावतात आणि तिचा प्रकाश अडवतात. श्रीमंत पाण्यात तिचे कौशल्य निरुपयोगी ठरते. माझ्या टाकीत नेमके हेच घडले होते.

मॉसचीही गोष्ट अशीच. बोलताना आपण मॉस आणि शैवाल या दोघांनाही ‘शेवाळ’ म्हणतो, पण मॉस ही खोड-पानांसारखे अवयव असलेली वेगळी वनस्पती आहे. मुळांच्या जागी तिला फक्त आधार देणारे मूलाभ असतात. तिची पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची असतात आणि पाणी व क्षार ती सर्वांगाने शोषते. म्हणून पाण्यात जे असेल ते तिला थेट भिडते. सावकाश वाढणाऱ्या या वनस्पतीला शैवालाशी शर्यत परवडत नाही.

मग प्रश्न येतो माशांचा. माशांच्या खाद्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन आला. आपल्या टाकीत २५ लिटर पाणी आहे. हा सगळा नायट्रोजन पाण्यात उतरला, तर लिटरला सुमारे अडीच मिलिग्रॅम होतो. काही भाग माशांच्या अंगी लागतो, पण बराचसा कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना फारसे बाधत नाही, पण शैवालाचे ते खत आहे. मुलांनी चिमूट-चिमूट टाकलेले खाद्य आठवड्यात १ ग्रॅम सहज भरते.

असे असेल तर मासे ठेवायचेच कशाला? कारण उथळ, उघडे, साचलेले पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून प्रौढ होण्यास अनुकूल हवेत आठ-दहा दिवस पुरतात. युट्रिक्युलॅरिया लहान अळ्या पकडते, पण तेवढ्यावर शाळेचे आरोग्य सोपवता येत नाही. मासे हवेतच, फक्त ते लहान, थोडे आणि अर्धपोटी हवेत. झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला, भातखाचरे आणि उथळ ओढ्यांत राहणारा, जेमतेम ४ सेंटिमीटर वाढणारा. त्याला दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. बाकीचे तो अळ्या आणि सूक्ष्म प्राणी खाऊन भागवतो. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी मात्र दर आठवड्याला ओतून ती घासावी, कारण तेथे मासा पोचत नाही.

टाकी उथळ ठेवण्यालाही कारण आहे. हेच २५ लिटर पाणी घनाकृती पेटीत भरले, तर त्याचा पृष्ठभाग सुमारे ८५० चौरस सेंटिमीटर होईल. आपल्या टाकीत तो २,१०० आहे. प्राणवायू पृष्ठभागातून विरघळतो, म्हणून थोड्या माशांसाठी पंपावाचून चालते. उथळ पाणी लवकर तापतेही, तेव्हा सकाळचे ऊन मिळावे पण दुपारचे टाळावे.

मांडणी अशी करावी. तळाशी धुतलेली जाड वाळू घालावी, माती नको. दगड निवडताना त्यावर लिंबाचा रस टाकावा. फेस आला तर त्यात चुना आहे. तो पाणी जड करतो, म्हणून वगळावा. पाणी पावसाचे साठवलेले उत्तम. बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरतानाही पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे, कारण वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात. वनस्पती लावून तीन-चार आठवडे थांबावे, म्हणजे अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू स्थिरावू लागतात. मगच मासे सोडावेत आणि ते उडी मारतात म्हणून पाण्याच्या भागावर जाळी ठेवावी. ड्रॉसेराला केळ्यावरची चिलटे अधूनमधून पुरतात.

आता मुलांसाठी एक प्रयोग. युट्रिक्युलॅरियाचे सारख्या लांबीचे तुकडे दोन बरण्यांत ठेवा. एकीत पावसाचे पाणी, दुसरीत भरपूर खाऊ दिलेल्या मत्स्यालयातले पाणी. दर आठवड्याला भिंगाखाली शेंड्याकडच्या पाच सेंटिमीटरमधल्या पिशव्या मोजा आणि महिन्याने आलेख काढा. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, तर का आले नाहीत यावर चर्चा करा. ती अधिक उपयोगी असते.

शेवटी एक कळकळीची विनंती. कासचे पठार २०१२ सालापासून जागतिक वारसास्थळात मोडते. तेथे पावसाळ्याच्या अखेरीस फुलणारी ‘सीतेची आसवं’ ही युट्रिक्युलॅरियाच आहे. ती टाकीसाठी उपटू नका. ती वर्षायू आहे. बी धरून मरणे आणि बीजरूपाने कोरडे महिने काढणे हाच तिचा क्रम. उपटलेले रोप टाकीत जगत नाही आणि पठारावरचे पुढच्या वर्षीचे बीही जाते. शेततळ्यात तरंगणाऱ्या जातीचा बोटभर तुकडा, मालकाला विचारून, पुरेसा होतो. तो तुकड्यातूनच वाढतो. ड्रॉसेरा बियांपासून वाढवावा. छाटलेल्या वनस्पती आणि नकोसे झालेले मासे नदी-तळ्यात सोडू नयेत.

माझी दुसरी टाकी चांगली चालू आहे. खाद्याची डबी मी कुलूपबंद कपाटात ठेवली आहे. मुलांपासून नव्हे, स्वतःपासून.