साठ अंशांचा वाक

ट्राउट मासा उसळी मारून पाण्यावरची माशी टिपतो, हे दृश्य चित्रांत फार दिसतं. प्रत्यक्षात त्याचं बरंचसं खाणं तळाशी चालतं. मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय या कीटकांच्या आयुष्याचा मोठा भाग पाण्याखाली, दगडगोट्यांतच जातो. त्यामुळे गळावर पिसं, लव आणि दोरा गुंडाळून किड्याची नक्कल, म्हणजे ‘माशी’, बांधणाऱ्यांपुढे एक पेच कायम राहिला: ती तळापर्यंत न्यायची, पण गळ दगडात अडकू द्यायचा नाही.

अर्धा पेच इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यातल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर यानं सोडवला. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू त्यानं दोऱ्याऐवजी तांब्याच्या बारीक तारेनं बांधले. बांधणीही झाली आणि वजनही आलं. १९५८ साली ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ या पुस्तकात त्यानं ही रीत मांडली. अडकण्याचा उरलेला पेच बऱ्याच अंशी सोडवतो तो जिग गळ.

हा गळ हातात घेऊन निरखावा असाच आहे. साध्या गळाची दांडी नेढ्यापर्यंत सरळ जाते. जिग गळाची दांडी नेढ्याच्या जरा अलीकडे वाकते आणि नेढं टोकाच्या बाजूला झुकतं. माशी बांधायच्या गळात हा वाक बहुधा ६० अंशांच्या आसपास असतो. त्यावर धातूचा मणी बसतो. मण्याला एका अंगाला गोल भोक, दुसऱ्या अंगाला लांबट खाच. गळाच्या टोकावरून मणी ओवायचा, भोक पुढे आणि खाच मागे. वाकापाशी पोचला की दांडी खाचेत बसते. खाच टोकाच्या बाजूला राहते आणि धातूचा भार विरुद्ध बाजूला जातो. मग दोरा नेढ्यात बांधून गळ लोंबता धरला की मणी खाली झुकतो आणि टोक वर येतं. तळाला घासत जाते ती माशीची पाठ. टोक दगडांपासून दूर राहतं आणि बहुतेक वेळा माशाच्या वरच्या जबड्यात रुततं. तारेच्या एवढ्याशा वाकातून हे सारं साधतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

मण्यासाठीचा टंगस्टन धातूही तसाच नवलाचा. पितळेचा एक घन सेंटिमीटर तुकडा साधारण साडेआठ ग्रॅम भरतो, शिशाचा ११.३४ ग्रॅम, तर टंगस्टनचा १९.२५ ग्रॅम. जुन्या विजेच्या दिव्यातली झगमगणारी तार याच धातूची. हा धातू ३,४२२ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणून मणी ओतून करणं परवडत नाही. टंगस्टनची भुकटी दुसऱ्या धातूंबरोबर दाबून, तापवून घट्ट करतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये शिसं गिळून हंस मरू लागले, तेव्हा १९८७ पासून मासेमारीच्या शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी आली. टंगस्टनकडे वळायला हेही एक सबळ कारण आहे.

निवड करताना नवखा माणूस आधी नंबर पाहतो. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, आणि एका कंपनीचा १४ दुसरीच्या १४ शी जुळेलच असं नाही. माझ्या मते पाहायची गोष्ट वेगळी आहे: दांडी आणि टोक यांच्यामधली मोकळी जागा. मणी मोठा झाला की तो ही जागा खातो, मग मासा तोंड लावूनही गळ रुतत नाही. ढोबळमानानं १६ नंबरला अडीच मिलिमीटरचा मणी, १४ ला तीनचा, १२ ला साडेतीनचा. रुंद तोंडाचा गळ असेल तर थोडी सूट मिळते. मण्यामागे दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायलाच हवेत. मणी फिरला तर भार सरकतो आणि माशी कलंडते.

गळाला उलटा काटा नसावा, हे माझं ठाम मत आहे. फिप्स-मूश या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत बिनकाट्याचाच गळ चालतो. काटा नसल्यानं मासा निसटू नये म्हणून अशा गळांचं टोक बरेचदा लांब आणि किंचित आत वळवलेलं ठेवतात. सोडायचा मासा या गळावरून चटकन सुटतो, जखमही कमी होते. धार तपासायला टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढावं: रुतलं तर ठीक, घसरलं तर तो गळ बाजूला ठेवावा.

हिमाचलच्या तीर्थन नदीवर किंवा काश्मिरातल्या प्रवाहांवर ट्राउट धरायला जाणाऱ्यांनी आधी मत्स्य विभागाचा परवाना काढावा आणि तिथले नियम विचारून घ्यावेत. बांधायला शिकायचं असेल तर १४ नंबरचा, ६० अंशांचा, बिनकाट्याचा गळ आणि तीन मिलिमीटरचा खाचेचा मणी यांपासून सुरुवात करा.