पोळपाटावरचे सोने

दिवाळीच्या फराळाचे ताट घेऊन शेजारी जावे आणि आपल्या चकलीपेक्षा त्यांचीच चकली खुसखुशीत निघावी, हा अनुभव कोणत्या गृहिणीला आला नसेल? २००२ सालच्या दिवाळीत मी अशीच ताट घेऊन शेजारच्या काकूंकडे गेले होते. काकू ‘लिज्जत’चे पापड लाटीत. पहाटे साडेचारला त्यांच्या दाराची कडी वाजली की आमच्या घरातल्या गजराच्या घड्याळाला काही कामच उरत नसे.

फराळ झाला, मुलांची चौकशी झाली. मग काकू उठल्या आणि कपाटातून एक जुनी कुंकवाची डबी घेऊन आल्या. आत कापसात ठेवलेले एक सोन्याचे नाणे होते. पाच ग्रॅमचे.

“अगबाई, बक्षीस मिळालं वाटतं! खूपच पापड लाटलेत म्हणायचे तुम्ही या वर्षी,” मी कौतुकाने म्हटले.

काकू सहसा कोणाला दुखवीत नाहीत. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा जरा बदलला. “बक्षीस कसलं गं? बक्षीस मालक देतो नोकराला. आमच्याकडे मालक कोण? आम्हीच. हा माझा वाटा आहे.” आणि डबीचे झाकण लावता लावता म्हणाल्या, “माझ्या निम्मे पापड लाटणारीलासुद्धा एवढंच नाणं मिळालं बरं.”

हे शेवटचे वाक्य त्या तक्रारीने म्हणाल्या असत्या तर मला समजले असते. त्या म्हणाल्या अभिमानाने, आणि तेच मला उमगेना.

घरी येऊन मी ही गोष्ट आमच्या ‘ह्यां’ना सांगितली. ‘ह्यां’चा सगळा जन्म कचेरीत गेलेला. ग्रेड, हजेरी आणि बोनसची टक्केवारी याबाहेर न्याय असू शकतो, हे त्यांना कोणी अजून पटवलेले नाही. “दुप्पट काम करणारीला तेवढंच आणि निम्मं काम करणारीलाही तेवढंच? मग दुप्पट काम करील कोण?” असा त्यांचा बिनतोड सवाल. मलाही उत्तर सुचेना. तेव्हा या संस्थेची हकीकत मुळापासून समजून घ्यावी असे मी ठरवले. ती इतकी रसाळ निघेल असे मात्र वाटले नव्हते.

ही हकीकत सुरू होते गिरगावात. तिथे लोहाणा निवास नावाचा पाच इमारतींचा समूह होता. बिऱ्हाडे बहुतेक गुजराती, मध्यम स्थितीतली. पुरुष कामावर आणि मुले शाळेत गेली की दुपारचे तास रिकामे. शिक्षण बेताचे, त्यामुळे नोकरी कोण देणार? हातांत कला एकच, आणि ती घरोघरी होती: स्वयंपाकाची. त्यातल्या सात जणींनी पापड करून विकायचे ठरवले. भांडवलासाठी छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून ८० रुपये उसने आणले. ते भारत सेवक समाजाचे सभासद होते आणि सगळे त्यांना छगनबापा म्हणत. १५ मार्च १९५९ या दिवशी या सात जणी आपल्याच इमारतीच्या गच्चीवर बसल्या आणि पापडांची चार पाकिटे तयार झाली.

चार पाकिटे! आपल्याकडे उन्हाळ्यात एकेका घरात याहून जास्त वाळवण होते. गच्चीवर जुनेर अंथरायचे, कावळ्यांवर लक्ष ठेवायला धाकट्या पोराला बसवायचे आणि त्याने राखणीऐवजी लाट्याच मटकवायच्या, हे दृश्य आमच्या पिढीला नवीन नाही. पण घरचे वाळवण आणि धंद्याचे वाळवण यांत फरक असतो. घरचा पापड जाड झाला तर नवरा मुकाट्याने खातो. गिऱ्हाईक खात नाही.

हा फरक त्या सात जणींना लवकरच कळला. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक जरा हलका. हलक्याची किंमत कमी. छगनबापांनी ते बंद करायला सांगितले. पापड एकाच प्रतीचा करा, प्रतीत कधी तडजोड करू नका आणि हिशेब धंद्यासारखा चोख ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. बायकांनी त्याला स्वतःचा एक निर्धार जोडला: तोटा आला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही. माझ्या मते ‘लिज्जत’चा खरा पाया इथे पडला. देणगीवर चाललेले काम देणगीदाराचे होते, बायकांचे राहत नाही. आपल्या कितीतरी महिला मंडळांची शिवणयंत्रे उद्घाटनाच्या दुसऱ्या वर्षी कापडाखाली झाकून पडतात, त्याचे कारण मला तरी हेच दिसते.

मग आला पाऊस. मुंबईचा पाऊस आणि पापड यांचे हाडवैर. ऊन नाही म्हणजे वाळवण नाही, वाळवण नाही म्हणजे विक्री नाही. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. एखादा उद्योग मोडायला एवढे कारण पुष्कळ होते. पण दुसऱ्या पावसाळ्यासाठी त्यांनी जी युक्ती काढली ती कोणत्याही इंजिनियराला सुचली नसती, कारण त्याने ती हसण्यावारी नेली असती. त्यांनी एक खाट आणली आणि एक शेगडी आणली. पापड खाटेवर पसरायचे आणि शेगडी खाटेखाली पेटवून ठेवायची. बाळंतिणीच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा प्रकार पापडांच्या कामी आला, आणि पुढे पावसाने काम अडले नाही.

तीन महिन्यांत सातच्या पंचवीस जणी झाल्या होत्या. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. तिसऱ्या वर्षी सभासद तीनशेच्या वर गेल्या आणि गच्ची पुरेनाशी झाली. तेव्हा आजही चालू असलेली पद्धत निघाली: पीठ एका ठिकाणी तिंबायचे, ते प्रत्येकीने घरी न्यायचे आणि लाटून वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायचे. १९६२ मध्ये नावासाठी स्पर्धा ठेवली, बक्षीस रोख पाच रुपये. तीतून ‘लिज्जत’ हे नाव मिळाले. आपण लज्जत म्हणतो, तोच शब्द गुजराती वळणाने. नाव बारशालाच असे चविष्ट मिळाले की निम्मी जाहिरात झाल्यासारखीच! उरलेली निम्मी पुढे दूरदर्शनवर रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातल्या सशाने केली, हे वाचकांना आठवत असेलच.

काकूंचा दिनक्रम मी समोरच पाहत होते. पहाटे आंघोळ उरकून कालच्या वाळलेल्या पापडांचा डबा घेऊन त्या खाली उतरत. संस्थेची छोटी बस ठरल्या जागी येई. शाखेत पापडांचे वजन होई, जाड-पातळ, तुटका-वाकडा पाहिला जाई आणि लाटणावळ हातात पडे, तीही तिथल्या तिथे. मग नवे पीठ घेऊन परत. मुले उठायच्या आत काकू घरी. दुपारी पोळपाट मांडला की मात्र त्यांच्याशी बोलायची सोय नसे; पापडाचा आकार आणि जाडी यांत फरक पडून चालत नाही.

सभासद होताना प्रतिज्ञा घ्यावी लागते. घरी पापड वाळवायला स्वच्छ जागा आहे का, हे पाहायला संस्थेच्या बायका येतात. जिच्याकडे जागा नाही तिलाही परत पाठवीत नाहीत, तिने पीठ तिंबावे, पाकिटे भरावीत. एका खोलीत संसार करणाऱ्या मुंबईकर बाईला या सोयीची किंमत सांगायला नको. पुरुषाला मात्र सभासद होता येत नाही. हिशेबनीस, ड्रायव्हर म्हणून पुरुष आहेत, पण ते पगारी. (हे ऐकून आमच्या ‘ह्यां’नी वर्तमानपत्र जरा उंच धरले.) सगळ्यांनी एकमेकींना बहेन म्हणायचे. शाखा चालवणारी संचालिकाही त्यांच्यातलीच, आणि मध्यवर्ती समितीच्या एकवीस जणीही त्यांच्यातल्याच.

आता मूळ प्रश्न. नफा सारखा का?

इथे थोडे दूर, विलायतेला जावे लागेल, कारण सहकाराच्या गोष्टी तिथल्या रॉचडेल गावापाशी सुरू होतात असे आपण शाळेपासून ऐकत आलो. १८४४ मध्ये त्या गिरणीगावातल्या अठ्ठावीस जणांनी, त्यांत विणकर पुष्कळ, अठ्ठावीस पौंड जमवून टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान उघडले. दिवस २१ डिसेंबरचा, माल म्हणजे पीठ, लोणी, साखर, ओटचे भरड आणि थोड्या मेणबत्त्या. भेसळ नाही, उधारी नाही. वर्षाचा फायदा कसा वाटायचा, तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात. हिशेब सरळ होता. दुकान गिऱ्हाइकाच्या खरेदीवर चालते, म्हणून फायदाही खरेदीच्या मापाने.

हेच माप लावायचे तर पापडांचा नफा पापडांच्या वजनाने वाटला पाहिजे. आमच्या घरातला युक्तिवाद नेमका हाच होता. भाऊबीजेच्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या तेव्हा ‘ह्यां’नी तो त्यांच्यापुढे मांडलाच.

काकूंनी चहाची बशी खाली ठेवली. “भावोजी, जास्त लाटलं त्याचे जास्त पैसे मला रोजच्या रोज मिळतात की. वजनावर. ती माझ्या हातांची मजुरी. नाणं त्याचं नाही.”

“मग कशाचं?”

“मी तिथली आहे त्याचं.” आणि थोडे थांबून त्या म्हणाल्या, “गेल्या वर्षी माझं डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दीड महिना पोळपाट भिंतीला टेकलेला होता. तेव्हा मी कमी लाटणारी झाले. पण म्हणून मी कमी सभासद झाले का?”

‘हे’ गप्प बसले. त्यांना पटले असे मी म्हणणार नाही, पण चहा दुसऱ्यांदा मागितला एवढे खरे.

मला मात्र घडी उलगडल्यासारखे झाले. कष्टाचा मोबदला आणि मालकीचा वाटा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पगारदाराच्या घरात आपल्याला फक्त पहिलीच ठाऊक असते. ‘लिज्जत’मध्ये नफा वाटताना कोण कोणते काम करते, कोण किती जुनी, कोणावर जबाबदारी केवढी, हे पाहत नाहीत. पीठ तिंबणारी, पाकिटे भरणारी, संचालिका, सगळ्या एका रांगेत. तोट्यातही वाटेकरी त्याच. त्या २००२ सालीच राजकोट शाखेला चांगला नफा झाला तेव्हा तिथल्या प्रत्येकीला चार हजार रुपये मिळाले, आणि मुंबई-ठाण्याच्या बहिणींना ही पाच ग्रॅमची नाणी.

एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कागदोपत्री ही सहकारी सोसायटी नव्हेच. जुलै १९६६ मध्ये तिची नोंदणी झाली ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, आणि त्याच वर्षी खादी ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. सहकार कायद्याखाली नोंदलेल्या आणि दाराशी चेअरमनांची मोटार उभी असलेल्या संस्था आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांच्या सभासदांना वाटा मागायला गेल्यावर काय ऐकावे लागते, तेही ठाऊक आहे. नाव कुठल्या वहीत लिहिले आहे याला मी फारसे महत्त्व देत नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. आज सभासद-भगिनी ४५,००० च्या आसपास आहेत. पापड अजून हातानेच लाटले जातात. पहिल्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. काकूंच्या सुनेला मात्र पोळपाट नको होता. ती बँकेत गेली. काकूंनी त्याचे वाईट वाटून घेतले नाही. “तिला इंग्रजी येतं, मला लाटणं येत होतं,” एवढेच म्हणाल्या.

त्या कुंकवाच्या डबीत पुढे आणखी नाणी पडली. नातीच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली तेव्हा काकूंनी ती मोडायला काढली आणि सोबतीला मला घेऊन गेल्या. मुलगाही बरोबर होता. सराफाने नाणी तोलली, रक्कम सांगितली आणि पावतीपुस्तक पुढे ओढून मुलाकडे पाहत विचारले, “नाव काय लिहू, साहेब?”

“माझं लिहा,” काकू म्हणाल्या. “मंगळसूत्र सासरचं, बांगड्या माहेरच्या. एवढं तेवढं माझं आहे.” आणि चष्मा पुसून, नावातली वेलांटी बरोबर पडते ना, हे त्या काचेवर वाकून पाहू लागल्या.