पुलाच्या अलीकडे

१९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली, तेव्हा मी तिथल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था, गावोगावच्या स्त्रिया आणि कार्यकर्ते यांनी कित्येक वर्षे चालवलेल्या चळवळीचे ते फळ होते. सभांमध्ये मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आणि बंदी आल्यावर दर शनिवारी दुपारी स्कूटर काढून मी वैनगंगेचा पूल ओलांडू लागलो. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा सुरू होई आणि तिकडे तेव्हा बंदी नव्हती.

घरी 'वसुलीला जातो' असे सांगत असे. रविवारी सकाळी लाज वाटे, मग निश्चय होई. तो निश्चय सोमवारी दगडासारखा असे, गुरुवारी ढेकळासारखा, आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक सुटली की त्याची माती झालेली असे.

आमच्या शाखेतले दफ्तरी ख्रिस्ती होते. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणे. चांद्याला स्कॉटिश मिशनचे काम होते, त्या काळात त्यांचे घराणे ख्रिस्ती झालेले. एके काळी काकाही भरपूर पीत. सुटून बारा वर्षे झाली होती, तरी ते घरी जाताना सरळ रस्ता सोडून लांबच्या वाटेने जात. सरळ रस्त्यावर पूर्वी दारूचे दुकान होते. ते बंद झाल्यावरही काकांची वाट बदलली नाही. मी एकदा कारण विचारले.

"दुकान गेलं साहेब, पण मी तोच आहो," ते म्हणाले. "मी कच्चा माणूस. ज्या दिवशी पक्का झालो असं वाटलं, त्या दिवशी पडन."

"मग बारा वर्षं कोणाच्या जोरावर?"

"त्याच्या. माझा जोर पुरला असता, तर बायकोच्या पाटल्या गेल्या नसत्या."

हिशेबात मुरलेल्या माझ्या मनाला हे पटेना. जमाखर्च देवाच्या नावावर टाकून आपण हात झटकायचे, असे ते वाटले. मग काकांनी मला येशूच्या गोष्टी सांगितल्या. रानातल्या चाळीस दिवसांच्या उपासानंतर प्रत्यक्ष येशूलाही मोहाने गाठले होते. अटकेच्या रात्री त्याने पेंगुळलेल्या शिष्यांना जागे राहून प्रार्थना करायला सांगितले, कारण मन तयार असले तरी शरीर दुबळे असते. संत पौलाला एक दुखणे होते. ते काढून घे, अशी त्याने तीनदा विनवणी केली. दुखणे गेले नाही. पण देवाची कृपा पुरेशी आहे आणि तिचे बळ दुबळेपणातच पुरते दिसते, असे उत्तर मिळाले.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की काका हात झटकत नव्हते. देवावर भार टाकल्यामुळेच त्यांना स्वतःशी खोटे बोलावे लागत नव्हते, आणि म्हणूनच ते लांबची वाट धरू शकत होते. मी मात्र स्वतःला खंबीर समजून रोज पुलाच्या तोंडाशी उभा होतो.

अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'च्या बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी हीच आहे, हे मी पुढे वाचले. दारूपुढे आपले काही चालत नाही ही कबुली आधी द्यायची, आणि मग आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास ठेवायचा. तिची मुळे एका ख्रिस्ती चळवळीतच होती.

काकांनी उपदेश केला नाही. एवढेच म्हणाले, "शनिवारी बँक सुटली का घरी या, चहा घेऊ." येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मोहापासून 'मला' नव्हे, 'आम्हाला' वाचव असे मागणे आहे. देवाचे बळ माझ्यापर्यंत त्या चहाच्या कपातून आले, असे मी आज म्हणतो.

त्यानंतर मी पूल ओलांडलाच नाही, असे लिहिले तर ती कादंबरी होईल. दोनदा ओलांडला. फरक एवढाच की दोन्ही वेळा परत आल्यावर पत्नीला खरे सांगितले. ती रडली. दुसऱ्या दिवशी मी काकांनाही सांगितले. ते म्हणाले, "उठा साहेब, आजचा दिवस आजच्यापुरता मागू." तिसरी वेळ आली नाही. पण आता कधीच येणार नाही, असे मी साठी उलटल्यावरही म्हणत नाही.

ना. वा. टिळक तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. मी विठोबाच्या घरातला, तिकडे गेलो नाही. पण त्या सेतूच्या अलीकडे उभे राहून काकांची प्रार्थना मला स्पष्ट ऐकू आली. आपल्या संतांनीही पतितपावनाला हाक मारली, ती स्वतःचे पतितपण आधी कबूल करूनच.

कायदा हवाच, मोहाचे दुकान रस्त्यावरून हटवण्याचे काम तोच करतो. पण चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत बंदीनंतर २३ वर्षांनी, २०१६ मध्ये, 'मुक्तिपथ' हा दारू-तंबाखूमुक्तीचा कार्यक्रम सुरू करावा लागला. माणसाच्या आतली वाट कुठलेही सरकार बंद करू शकत नाही.

काका आता नाहीत. चैत्रात मोहफुलांचा वास सुटला की मला त्यांची आठवण येते. मग मीही घरी परतताना लांबची वाट धरतो.