वेलांटी कुठं गेली?

एडिटिंगच्या धंद्यात मला आलेली पहिली लेखी तक्रार पोस्टकार्डावर होती. साल २००५. लग्नाची डीव्हीडी पोचवून आठवडा झाला होता आणि ते लिहिणारे वधूचे आजोबा निघाले निवृत्त मराठी शिक्षक. चित्र, आवाज, संगीत यांबद्दल अवाक्षर नाही. मजकूर एवढाच, की ‘शुभविवाह’मधली वेलांटी आपल्या ‘व’ला सोडून शेजारच्या ‘वा’ला जाऊन चिकटली आहे, ती स्वगृही आणून द्यावी.

ती स्वगृही यायला बरीच वर्षं लागली.

कॉम्प्युटरआधीच्या लोकांना हा त्रास नव्हता. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथं तयार झालेले संकलक स्टीनबेक या संकलनाच्या टेबलावर फिल्म पाहायचे, मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायचे, स्प्लायसरवर कापून चिकटपट्टीनं जोडायचे. उरलेले तुकडे बिनमध्ये लटकत असायचे. एखादा शॉट हरवला तर त्या बिनमध्ये हात घालून शोधायचा. श्रेयनामावली हातानं रेखाटून तिचं चित्रीकरण व्हायचं, म्हणजे ऱ्हस्वदीर्घाची चूक झालीच तर ती रेखाटणाऱ्याची. पुढं व्हीएचएस आलं. लग्नाच्या कॅसेटी दोन व्हीसीआर जोडून बनू लागल्या, आणि मधला एक शॉट दोन सेकंदांनी कमी करायचा तर त्यापुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागे. शीर्षकाला आम्ही सरळ लग्नपत्रिकाच कॅमेऱ्यासमोर धरायचो. वेलांट्या छापखान्यानं बसवलेल्या असत!

कॉम्प्युटरवर काम आलं आणि दोष दिसेनासे झाले. म्हणजे परिणाम दिसायचा, कारण भलतीकडेच असायचं. मिनी-डीव्हीची तासाभराची टेप फायरवायरनं उतरवायला तासच लागे आणि ती साधारण १३ जीबी जागा खाई. माझी टेप दर वेळी १९ मिनिटांच्या आसपास उतरायची थांबे. मी केबल बदलली, कॅमेरा बदलला, तपकीर गल्लीतल्या दुकानातून नवं फायरवायर कार्ड आणलं, शेवटी विंडोज पुन्हा टाकलं. तरी १९ मिनिटं! दोष हार्ड डिस्कच्या फॉरमॅटमध्ये होता. ती एफएटी-३२ होती, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. डीव्हीची १९ मिनिटं म्हणजे बरोबर तेवढंच. डिस्क एनटीएफएस केली आणि प्रश्न मिटला. आजही कुणी सांगतं, ‘पेनड्राइव्हवर जागा आहे, पण फिल्म कॉपी होत नाही.’ मी फॉरमॅट विचारतो. एफएटी-३२ असेल तर आतला डेटा दुसरीकडे काढून पेनड्राइव्ह एक्सफॅट करायचा. दोन मिनिटांचं काम.

त्या गोष्टीतून मी एक सवय लावून घेतली. बिघाड ठरावीक मिनिटाला होत असेल तर आधी ते मिनिट लिहून ठेवायचं. एक्स्पोर्ट ६२ टक्क्यांवर अडकतंय अशी तक्रार आली की बहुतेक लोक सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. त्यापेक्षा टाइमलाइनवर अंदाजे तिथं जाऊन पाहावं. पुष्कळदा तिथं एखादी अर्धवट कॉपी झालेली क्लिप, एखादा जड इफेक्ट किंवा अवाढव्य आकाराचा फोटो बसलेला सापडतो. तो काढून एक्स्पोर्ट करून पाहावं. तरीही अडलं तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ग्राफिक्स कार्डाऐवजी ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ निवडावं. मग वेळ खूप लागतो, पण काम पार पडलं तर दोष कार्डाच्या ड्रायव्हरकडे आहे हे कळतं. आणि हे सगळं करण्याआधी डिस्कवर जागा शिल्लक आहे का, ते पाहावं. मीडिया कॅशे गुपचूप फुगत असतो.

विसर्जन मिरवणुकीच्या चित्रणानं वेगळा धडा दिला. कॉम्प्युटरवर सुरेख दिसणारा ध्वज टीव्हीवर थरथरायचा. डीव्हीमध्ये खालचं फील्ड (एकाआड एक ओळींचा अर्धा भाग) आधी येतं, आणि मी एक्स्पोर्ट करताना वरचं आधी ठेवलं होतं. तो दोष आता इंटरलेसिंगबरोबर जवळपास इतिहासजमा झाला. ढोलाचा फाटलेला आवाज मात्र तेव्हाही पुरता दुरुस्त होत नव्हता आणि आजही होत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळीच पातळी खाली ठेवायची, हाच त्यावर खरा उपाय आहे. हे मी गेली वीस वर्षं सांगतोय आणि दर अनंत चतुर्दशीनंतर तोच फाटका आवाज माझ्याकडे येतो.

विजेनंही असाच एक धडा दिला. २००६ मध्ये उद्योगांच्या जनित्रांच्या मदतीनं पुण्यातलं भारनियमन थांबवण्याचा प्रयोग झाला. त्याचं कौतुक माझ्यासारख्या एडिटरइतकं कुणालाच वाटलं नसेल. पण देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा गुरुवार होताच. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर आणि त्याचं फोल्डर वेगळ्या डिस्कवर, ही शिस्त आम्हाला त्या गुरुवारांनी लावली. प्रोजेक्टची फाइल सहसा लहान असते, रोज रात्री स्वतःला ईमेल करून टाकावी.

आता वेलांटी. गंमत बघा, संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचं मोठं काम याच शहरात झालं. सी-डॅक ही संगणन संस्था १९८८ पासून इथलीच, श्री-लिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेकही इथलीच. नारायण पेठेतला डीटीपीवाला देवनागरीत पुस्तकंच्या पुस्तकं लावत होता आणि तिथून दोन गल्ल्या पलीकडं मी एका ‘शुभविवाह’पुढं हात टेकत होतो. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. त्यामुळे प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर उघडलं आणि तिथं तो फॉन्ट नसला, की नवरदेवाच्या नावाची इंग्रजी खिचडी व्हायची. युनिकोड आलं आणि खिचडी गेली, पण वेलांटी फिरू लागली. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवली जाते आणि पडद्यावर अक्षराआधी काढावी लागते. ही अदलाबदल, तशीच जोडाक्षरांची जुळणी, मजकूर रेखाटणाऱ्या इंजिनाला यावी लागते. ज्या टायटलरला ती येत नसे, तो ‘प्रत्येक’चे पाय मोडायचा. आम्ही शीर्षकं दुसरीकडं बनवून पारदर्शक चित्र म्हणून आणायचो. स्पेलिंग बदललं की पुन्हा चित्र.

आज प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्स विभागात जाऊन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय निवडला की वेलांटी जागेवर येते.  मजकूर नंतर नव्यानं टाइप करावा. फॉन्ट निवडताना ‘दुसऱ्या’, ‘शाळा’, ‘लक्ष्मी’ एवढे तीन शब्द लिहून बघावेत. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ चालतो म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण ‘ऱ्य’ नीट न काढणारा फॉन्ट मराठी कामाला घेऊ नये. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करावी, नाहीतर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

२०२० च्या टाळेबंदीत सगळं शहरच एडिटर झालं. नाटकवाले घराघरातून फोनवर प्रवेश चित्रित करून पाठवू लागले, गणेशोत्सव मिरवणुकीविना झाला, आरत्या स्क्रीनवर आल्या. त्या वर्षी मला सर्वाधिक फोन आले ते ओठ आणि आवाज जुळत नसल्याचे. त्यावर माझा एकच प्रश्न असे: फरक सुरुवातीपासून तेवढाच आहे, की वाढत जातो? तेवढाच असेल तर आवाजाची पट्टी सरकवा. वाढत जात असेल तर बहुधा फोनचा फ्रेमरेट बदलता आहे. हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून क्लिप बदलून घ्या आणि मगच टाइमलाइनवर टाका. अर्धी फिल्म कापून झाल्यावर हे करायला बसलात तर सगळे काप पुन्हा तपासावे लागतात. व्हिडिओ अडखळत चालत असेल तर नवा कॉम्प्युटर घेण्याआधी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, बनवून पाहा. फोनचं एचईव्हीसी चित्रण साठवायला हलकं असलं तरी उलगडायला जड असतं.

तेव्हा अडलात तर जरूर फोन करा. कितव्या मिनिटाला अडतं आणि कालपासून काय बदललं, एवढं कागदावर लिहून ठेवा. फक्त गुरुवारी सकाळी करू नका, आमच्याकडे लाइट नसतात.