अमेरिकेतील आठ तासांच्या कामाची चळवळ

अमेरिकेतील आठ तासांच्या कामाची चळवळ ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये कामगारांचे रोजचे कामाचे तास मर्यादित करण्यासाठी झालेली चळवळ होय. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दहा तासांच्या मागणीतून तिचा उगम झाला आणि इ.स. १९३८ मध्ये तिला देशव्यापी कायद्याचे अधिष्ठान लाभले. कायदा संमत होणे आणि तो प्रत्यक्षात पाळला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या चळवळीच्या इतिहासात वारंवार दिसून येते.

पार्श्वभूमी

आरंभीच्या काळात कामाचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा मानला जाई. इ.स. १८२७ मध्ये फिलाडेल्फियातील सुतारांनी दहा तासांच्या दिवसासाठी संप केला. तो फसला, परंतु त्यातूनच निरनिराळ्या व्यवसायांतील कारागिरांची संयुक्त संघटना उभी राहिली. इ.स. १८३५ मध्ये याच शहरात सार्वत्रिक संप झाला आणि दहा तासांची मागणी मान्य झाली. इ.स. १८४० मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांनी केंद्र सरकारच्या सार्वजनिक बांधकामांवरील मजुरांना दहा तासांचा दिवस लागू केला.

मजुरीवाढीसाठी एकत्र येणे हाच त्या काळी गुन्हेगारी कट ठरत असे. इ.स. १८०६ मध्ये फिलाडेल्फियातील जोडे बनवणाऱ्या कारागिरांना याच कारणास्तव दंड झाला होता. इ.स. १८४२ मध्ये बोस्टन येथील याच व्यवसायातील कारागिरांच्या खटल्यात मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने, केवळ संघटना स्थापणे हा गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला.

आठ तासांची मागणी

यादवी युद्धानंतर या मागणीस जोर आला. दिवसाचे आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ तास कामगाराचे स्वतःचे, अशी तिची मांडणी होती. बोस्टनचे यंत्रकारागीर इरा स्ट्युअर्ड यांनी तिला आर्थिक युक्तिवादाची जोड दिली. फुरसत मिळाली की कामगाराच्या गरजा वाढतात आणि गरजा वाढल्या की मजुरीही वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

इ.स. १८६७ मध्ये इलिनॉय राज्याने आठ तासांचा कायदा केला. मात्र वेगळा करार नसेल तरच तो लागू होणार होता. मालकांनी जास्त तासांचे करार पुढे केले, शिकागोतील संप मोडला आणि कायदा निष्प्रभ ठरला.

हेमार्केट प्रकरण

इ.स. १८८४ मध्ये कामगार संघटनांच्या महासंघाने असा ठराव केला की, १ मे १८८६ पासून आठ तास हाच कामाचा दिवस मानावा. ठरल्या दिवशी देशभर मोठे संप झाले. ३ मे रोजी शिकागोतील मॅकॉर्मिक कारखान्यापाशी पोलिसांनी गोळीबार केला. त्याच्या निषेधार्थ दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात सभा भरली. सभा संपत आली असता पोलिसांवर बॉम्ब फेकला गेला. स्फोटात व नंतरच्या गोळीबारात सात पोलीस आणि काही नागरिक मृत्युमुखी पडले. बॉम्ब कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरीही आठ जणांना दोषी ठरवण्यात आले. त्यांपैकी चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी झाली व एकाने तुरुंगात आत्महत्या केली. उरलेल्या तिघांना राज्यपाल जॉन आल्टगेल्ड यांनी इ.स. १८९३ मध्ये, खटला अन्याय्य होता असे सांगून, मुक्त केले.

इ.स. १८८९ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने १ मे हा दिवस कामगारांच्या मागण्यांसाठी निश्चित केला. महाराष्ट्रातही तो कामगार दिन म्हणून पाळला जातो. खुद्द अमेरिकेत मात्र इ.स. १८९४ पासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगार दिनाची राष्ट्रीय सुट्टी असते.

न्यायालयांची भूमिका

इ.स. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युटातील खाणकामगारांचा आठ तासांचा कायदा वैध ठरवला, पण इ.स. १९०५ मध्ये न्यूयॉर्कमधील बेकरी कामगारांच्या कामाचे तास मर्यादित करणारा कायदा, करारस्वातंत्र्यावर घाला म्हणून, रद्द केला. इ.स. १९१६ मध्ये रेल्वे कामगारांनी देशव्यापी संपाचा इशारा देताच संसदेने त्यांना आठ तासांचा दिवस दिला. पोलाद कारखान्यांत बारा तासांची पाळी चालूच होती. तेथील इ.स. १९१९ चा संप अयशस्वी झाला आणि इ.स. १९२३ मध्ये ती पाळी बंद होऊ लागली.

इ.स. १९३८ चा कायदा

इ.स. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने संघटना करण्याच्या व सामूहिक वाटाघाटींच्या हक्काला संरक्षण दिले. पाठोपाठ इ.स. १९३८ च्या न्याय्य श्रममानक कायद्याने ताशी २५ सेंट किमान वेतन आणि आठवड्याला ४४ तासांची मर्यादा ठरवली, इ.स. १९४० मध्ये ती ४० तासांवर आली. हा कायदा प्रौढांना जास्त तास काम करण्यास मनाई करत नाही. जादा तासांसाठी दीडपट मजुरी देणे त्याने बंधनकारक केले, त्यामुळे जास्त वेळ राबवून घेणे मालकास महाग पडू लागले.

मर्यादा

शेतमजूर व घरकामगार यांना या कायद्यातून वगळण्यात आले होते. दक्षिणेकडील राज्यांत या कामांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे असल्याने वगळणुकीचा फटका मुख्यतः त्यांना बसला. किमान वेतनाचे संरक्षण इ.स. १९६६ मध्ये काही शेतमजुरांना आणि इ.स. १९७४ मध्ये घरकामगारांना मिळाले. जादा तासांच्या दीडपट मजुरीची तरतूद मात्र केंद्रीय कायद्याने शेतमजुरांना अद्यापही लागू केलेली नाही.