ती मार्लिन!

मराठीत ‘मासळी’ स्त्रीलिंगी, पण ‘मासा’ म्हटलं की तो पुरुषच. हेमिंग्वेच्या १९५२ सालच्या कादंबरीतला, म्हणजे पु.लं.नी ‘एका कोळियाने’मधून आपल्याकडे आणलेला, तो १८ फुटी मार्लिनही ‘तो’च आहे. जीवशास्त्र मात्र वेगळं सांगतं. मार्लिनचे नर साधारण दीडशे किलोच्या आतबाहेर थांबतात. तीनशे-चारशे किलोंची जी धुडं असतात ना, त्या सगळ्या माद्या! हे मला कळलं ते मॉरिशसला, भर समुद्रात, पोटातला चहा कसाबसा पोटातच ठेवताना.

माझी भाची तिकडे नोकरीला आहे. ‘मावशी, नुसते समुद्रकिनारे काय कोकणातही आहेत, तू मार्लिनला चल,’ म्हणाली. नोव्हेंबर ते मार्च हा तिथला मोसम. बेटाच्या नैऋत्येला ब्लॅक रिव्हर नावाचं गाव आहे. तिथे प्रवाळाची कड ओलांडली की तळ एकदम शेकडो मीटर खाली जातो, त्यामुळे खोल पाण्यातले मोठे मासे किनाऱ्याच्या बरेच जवळ येतात.

ल मॉर्नच्या डोंगराच्या आडोशाला होतो तोवर सगळं छान होतं. टोक ओलांडलं आणि आग्नेयेचा वारा अंगावर आला. बोट लाटेवर चढायची आणि धप्पकन खाली आदळायची. मागे पाच दोर, त्यांना रंगीत प्लास्टिकची आमिषं, आणि ताशी पंधराएक किलोमीटरने आमची वरात. चार तास काहीही नाही. या खेळात मुख्यतः वाट बघणं आणि डिझेलचा वास घेणं असतं, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

मग रीळ किंचाळलं. पाळी माझी होती. खलाशाने मला खुर्चीत बसवून पट्टे आवळले, गळाची काठी हातात दिली आणि स्वतः खुर्ची माशाच्या दिशेने फिरवत राहिला. काठीला मात्र त्याने बोटही लावलं नाही. दुसऱ्याचा हात लागला की विक्रमात धरत नाहीत म्हणे. मला कुठे विक्रम करायचा होता? पण १९५४ साली पेरूच्या काबो ब्लांकोला किम्बर्ली विस या बाईने ६९२ किलोंची काळी मार्लिन अशीच ओढली होती. पुरुषांच्या आदल्या वर्षीच्या विक्रमापेक्षा जेमतेम १६ किलो कमी!

माझी दोनेकशे किलोंची असावी. दोनदा अख्खी पाण्याबाहेर उसळली. निळी, अगदी आतून दिवा लावल्यासारखी निळी. दोर गुंडाळावा तेवढा ती परत ओढून न्यायची. लाट बोटीला वर उचलायची तेव्हा वाटे, खांदा निखळतोय. पाऊण तासाने ती कडेला आली तेव्हा माझी बोटं मिटतच नव्हती.

आता खरा प्रश्न. आमच्या बोटीच्या रिवाजाप्रमाणे मासा बोटीचा. तो किलोवर विकायचा आणि त्यात खलाशाचा वाटा. मी भाचीला म्हटलं, ‘सोडायला सांग.’ एवढी मोठी मादी म्हणजे लाखो अंडी. शिवाय निळी मार्लिन २०११ पासून आययूसीएनच्या यादीत ‘असुरक्षित’ आहे. ट्यूनासाठी टाकलेल्या मैलोन्‌मैल गळांवर त्या फुकट मरतात ते वेगळंच. कप्तानाने खांदे उडवले आणि खलाशाकडे पाहिलं. खलाशी काही बोलला नाही. घरी दोन शाळकरी मुलं आहेत, हे त्याने सकाळीच सांगितलं होतं. हौस माझी आणि नुकसान त्याचं, हे काही मला पटेना. त्याच्या वाट्याचे पैसे मी देईन म्हटलं, तेव्हा तो हसला. रक्कम जरा चढीच सांगितली. मी घासाघीस केली नाही.

मग त्याने हातमोजे घालून तिची चोच धरली. कल्ल्यांतून पाणी वाहावं म्हणून कप्तानाने बोट अगदी हळू पुढे घेतली. तिचा रंग उतरून करडा झाला होता. दोन मिनिटं, तीन मिनिटं... मी श्वास धरून. शेपटी एकदा हलली, पुन्हा हलली, आणि ती खाली खाली गेली. खलाशाने माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

रात्री वेणी घालायलाही हात वर होईनात, भाचीने घालून दिली. जेवायला टेबलावर मॉरिशसची खासियत आली, धुरावलेल्या मार्लिनचे पातळ काप, वर लिंबू. ‘मावशी, चालेल ना गं तुला?’ तिने जरा भीतभीतच विचारलं. मी दोन काप घेतले. चव छान होती.