या सगळ्यांनी कुणाचा बयाणा घेतलाय?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कर्जत तालुक्यातल्या एका कातकरवाडीतले एक बाबा आपल्या बायकोला दाखवायला परळच्या केईएम रुग्णालयात आले होते. मी सोबत होते. केसपेपर, रक्ततपासणी, एक्स-रे, पुन्हा डॉक्टर, असे करता करता संध्याकाळ झाली. परळ स्टेशनच्या जिन्यापाशी पोहोचलो तेव्हा ऑफिसे सुटली होती. माणसांचा लोंढाच्या लोंढा येत होता. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. बरेचसे चालता चालताच मोबाईलवर बोलत होते.

बाबा एक्स-रेचे पाकीट छातीशी धरून भिंतीला टेकून उभे राहिले. थोडा वेळ त्यांनी पाहिले आणि मला विचारले, "ताई, या सगळ्यांनी कुणाचा बयाणा घेतलाय?"

मला हसू आले. दादरला गाडी बदलून कर्जत लोकलमध्ये बसल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. तोच आज वाचक बंधुभगिनींपुढे ठेवते. आपण शिकलेली, कमावती, शहरात राहणारी माणसे खरोखर मोकळी आहोत का?

बयाणा म्हणजे काय?

आपल्या कार्याशी नव्याने जोडलेल्या वाचकांसाठी आधी हे सांगायला हवे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिवासी जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगल हातचे गेले, जमीन बहुतेकांना कधीच नव्हती. पावसाळ्यात भातलावणीचे काम संपले की घरातले धान्य संपते. आजारपण येते, लग्न येते. अशा वेळी वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम वाडीवर येतो आणि हातावर रोख रक्कम ठेवतो. हाच बयाणा.

दिवाळीनंतर ते कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते आणि पाऊस पडेपर्यंत तिथेच राहते. मजुरी हजार विटांमागे ठरलेली असते. आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. राबतात नवरा-बायको दोघे, पुष्कळदा मुलेही. वहीवर नाव मात्र नवऱ्याचे एकट्याचे. हंगाम संपला की बयाणा आणि खर्ची वजा करून हिशोब होतो. वही मालकाची आणि आकडेही मालकाचे. पैसे फिटले नाहीत तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावे लागते. मधेच दुसऱ्याने जास्त मजुरी देऊ केली तरी जाता येत नाही.

या गोष्टीला आपल्या भागात जुना इतिहास आहे. डहाणू-तलासरीच्या वारली लोकांत लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघांनीही त्याच्याकडे राबायचे, अशी पद्धत होती. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. कित्येकांचे आयुष्य संपले, कर्ज संपले नाही. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या कार्यकर्त्यांनी या लोकांना संघटित केले आणि ती प्रथा मोडली. त्या कम्युनिस्ट होत्या. आपल्या मंडळीने तेव्हा त्या पाड्यांवर किती काम केले, हा प्रश्न आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारला पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

भारतीय संविधानाचे कलम २३ माणसांच्या व्यापाराला आणि वेठबिगारीला बंदी करते. त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी, १९७६ मध्ये, वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा संसदेने केला. त्यातला महत्त्वाचा भाग साध्या शब्दांत असा आहे: उचल किंवा कर्जाच्या बदल्यात माणसाने दुसरीकडे काम करण्याचे, हवे तिथे जाण्यायेण्याचे स्वातंत्र्य गमावले, किंवा त्याला किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर अथवा फुकट राबावे लागले, तर ती वेठबिगारी. असे कर्ज कायद्याने रद्द होते. ते फेडायची जबाबदारी मजुरावर उरत नाही. कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर असतो. दोषी ठरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे प्रत्येक उचल ही वेठबिगारी नव्हे. ओळखायची खूण एकच: त्या माणसाला काम सोडून जाता येते का? सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एका निकालात आणखी पुढे जाऊन सांगितले की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे, कारण भूक हीदेखील एक सक्ती आहे.

कायदा चांगला आहे. पण आपले कर्ज रद्द झाले आहे, हे ज्या माणसाला कोणी सांगितलेलेच नाही, तो ते फेडतच राहतो.

परळने मिळवलेला रविवार

आता त्या संध्याकाळच्या गर्दीकडे वळू. ज्या परळमध्ये बाबांनी तो प्रश्न विचारला, तिथेच सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तो प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला गेला होता.

तेव्हा गिरण्या सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. जोतीराव फुले यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र केले. साडेपाच हजार कामगारांच्या मागण्या त्यांनी सरकारपुढे मांडल्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार. मालक ऐकेनात. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आपण ख्रिस्ती लोक रविवारी उपासनेला जातो. तो दिवस आपल्याला मिशनऱ्यांमुळे मिळाला, असे पुष्कळांना वाटते. मुंबईच्या कामगाराला तो मिळाला एका सत्यशोधक माणसाच्या लढ्यामुळे. हे आपण कृतज्ञतेने आठवावे. फुले यांनी १८७३ च्या आपल्या 'गुलामगिरी' या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना उद्देशून लिहिली होती. अमेरिकेतल्या गुलामाच्या बेड्या आणि इथल्या माणसाच्या बेड्या यांचे नाते त्या गुरुशिष्यांनी ओळखले होते.

पवित्र शास्त्रातही विश्रांती आणि मुक्ती यांची गाठ बांधलेली आहे. दहा आज्ञा दोन ठिकाणी येतात. निर्गमच्या २० व्या अध्यायात शब्बाथ पाळण्याचे कारण सृष्टीची उत्पत्ती हे आहे. अनुवादच्या ५ व्या अध्यायात मात्र कारण वेगळे आहे: तुम्ही मिसर देशात दास होता आणि परमेश्वराने तुम्हांला बाहेर काढले, याची आठवण ठेवा. म्हणून चाकराला, दासीला, परक्याला, एवढेच काय बैलाला आणि गाढवालाही त्या दिवशी विसावा द्या. फारोच्या राज्यात विटा पाडणाऱ्यांना सुट्टी नव्हती. सुट्टी मागितली तर मोशेच्या लोकांना उत्तर मिळाले की गवतही तुम्हीच गोळा करा आणि विटा मात्र पहिल्याइतक्याच द्या. भट्टीवर काम केलेल्या माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही.

मग आपण कोण?

गिरण्या गेल्या. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळची ती दुनिया हळूहळू संपली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला, इतर गिरण्यांच्या आवारांत ऑफिसे आली. त्या ऑफिसांतल्या कामाला भोंगा नाही. त्यामुळे ते सुरू केव्हा होते आणि सुटते केव्हा, हेही कळत नाही. रात्री अकराला साहेबांचा मेसेज येतो आणि उत्तर द्यावे लागते. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मोबाईलचा हप्ता पगाराच्या दिवशीच कापला जातो. घरपोच जेवण आणणाऱ्या मुलाला कंपनी नोकर म्हणत नाही, भागीदार म्हणते. आणि या भागीदाराला पगारी रविवार नाही. कर्ज घेणारा देणाऱ्याचा दास होतो, असा इशारा नीतिसूत्रांच्या २२ व्या अध्यायात आहे. बाबांना त्या गर्दीत जे दिसले ते अगदीच चुकीचे नव्हते.

तरीही दोघांना एकाच तागडीत तोलणे मला पटत नाही. हप्त्यांखाली दबलेला कारकून राजीनामा देऊ शकतो. नोकरी सोडली म्हणून त्याला कोणी गाडीत घालून परत आणत नाही. त्याला वाचता येते, बँकेचा हिशोब तपासता येतो, रविवारी झोपता येते. "आम्हीही गुलामच की हो," असे आपण सहज म्हणतो तेव्हा खऱ्या गुलामाचे दुःख आपण स्वस्त करतो.

आपली गुलामी दुसऱ्या जातीची आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ८ व्या अध्यायात प्रभू येशू सत्य आणि मुक्ती यांविषयी बोलतो, तेव्हा ऐकणारे रागावतात. आम्ही अब्राहामाची संतती, आम्ही कोणाचे दास कधी नव्हतो, असे त्यांचे म्हणणे. आणि हे बोलताना त्यांच्या वेशीवर रोमी सैन्य उभे होते! प्रभूने त्यांना रोमची आठवण करून दिली नाही. तो त्याहून आतल्या बंधनाबद्दल, पापाच्या दास्याबद्दल बोलला. शेजाऱ्याच्या लग्नात जेवढा खर्च झाला त्याहून जास्त आपल्याकडे झाला पाहिजे, ही ओढ कोणत्या मुकादमाने लावली? लोक काय म्हणतील, ही भीती कोणाच्या वहीत लिहिली आहे? तो बयाणा आपण स्वतःच उचललेला असतो. त्यातून सुटका कृपेने होते, पण आधी आपण बांधलेले आहोत हे मान्य करावे लागते.

विटा कोणाच्या?

या दोन गुलामींचा एकमेकींशी संबंध आहे. दादर-परळच्या जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. मुंबईच्या आसपासच्या बांधकामांना लागणाऱ्या विटांमध्ये ठाणे, पालघर, रायगडच्या भट्ट्यांचा मोठा वाटा राहिला आहे. आपल्याला घर मोठे हवे, लवकर हवे आणि स्वस्त हवे. ही घाई बिल्डरकडून ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून भट्टीवाल्याकडे जाते आणि शेवटी पहाटे चिखल तुडवणाऱ्या बाईच्या पायांत उतरते.

नहेम्याच्या ५ व्या अध्यायात असाच प्रसंग आहे. यरुशलेमचा तट बांधला जात होता. काम देवाचे होते. तेवढ्यात गरीब लोक ओरडत आले की धान्यासाठी आम्ही शेते गहाण टाकली, आता मुले-मुली दास्यात द्यावी लागत आहेत. नहेम्याने पुढाऱ्यांना सर्वांसमक्ष जाब विचारला, शेते आणि व्याज परत करायला लावले आणि आपला अधिकाराचा भत्ताही सोडला. तट बांधायचा आहे, नंतर बघू, असे तो म्हणाला नाही.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, माहिती पोहोचवणे. वेठबिगारीची तक्रार कोणीही नागरिक तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी देऊ शकतो. चौकशीनंतर मिळणारा मुक्तीचा दाखला फार महत्त्वाचा, कारण पुनर्वसनाची सरकारी मदत त्यावर अवलंबून असते.

दुसरी गोष्ट, बयाण्याची गरजच कमी करणे. पावसाळ्यात वाडीवर धान्य असेल, बचत गटात आजारपणापुरते पैसे असतील, रेशनकार्ड आणि जातीचा दाखला हातात असेल, रोजगार हमीचे काम वेळेवर निघेल, तर मुकादमाला रिकामे परत जावे लागते. म्हणूनच पावसाळ्याच्या आधी दिलेली आपली देणगी दिवाळीत दिलेल्या साड्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट घरातली. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईला, इमारतीच्या वॉचमनला आठवड्याची पगारी सुट्टी आहे का? नसेल तर येत्या रविवारी उपासनेला जाण्याआधी त्याचा निर्णय करावा. पौलाने गलतीकरांना कळवले ते हेच की स्वातंत्र्य मिळाले आहे ते प्रीतीने एकमेकांची सेवा करण्यासाठी.

ते बाबा सध्या वाडीवरच आहेत. बायकोचे औषध चालू असल्यामुळे यंदा भट्टीवर जायचे नाही, असे त्यांनी ठरवले आहे. मागची बाकी आहे म्हणून मुकादमाचा माणूस दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी बाबांनी त्याला विचारले, "हिशोबाची वही घेऊन ये, ताईंसमोर वाचू." तो अजून आलेला नाही. या कुटुंबाला आपल्या प्रार्थनेत आठवावे.